कचेरीचे मनोधैर्य

आजारपणाची हकीगत हा वाङ्मयप्रकार मोठा फसवा आहे. लेखकाने दुःख प्रत्यक्ष भोगलेले असते, म्हणून वाचकाच्या मनात त्याच्याविषयी आधीच सहानुभूती असते. आणि सहानुभूती जागी झाली की टीकाबुद्धी मुकाट्याने मागे सरते. कादंबरीतले एखादे पात्र खोटे वठले तर आपण तसे बेधडक म्हणतो. परंतु रुग्णशय्येवरून लिहिलेल्या ग्रंथातील एखादा विचार चुकला आहे, असे म्हणणे आपल्याला निष्ठुरपणाचे वाटते. ऑड्रे लॉर्ड यांच्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ या छोटेखानी ग्रंथाच्या वाट्याला असाच काहीसा आदर आला आहे. १९८० साली तो अमेरिकेत प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगाविषयी लिहिणाऱ्या पुढच्या लेखिकांवर त्याची दाट छाया आहे. त्याचा गौरव पुष्कळ होतो आणि तो योग्यच आहे. पण ज्या विधानावर तो उभा आहे ते विधान जरा ठोकून पाहावे, एवढ्याचसाठी हा लेख.

लॉर्डबाई न्यूयॉर्कच्या. जन्म १९३४ चा. आई-वडील कॅरिबियन बेटांतून येऊन स्थायिक झालेले. व्यवसायाने आधी ग्रंथपाल, मग अध्यापक, वृत्तीने कवयित्री. कृष्णवर्णीय, दोन मुलांची आई, आणि स्त्रीवरच प्रेम करणारी स्त्री, अशी स्वतःची ओळख त्या मान ताठ ठेवून सांगत. १९७८ च्या सप्टेंबरात त्यांचा उजवा स्तन कर्करोगामुळे काढावा लागला. त्यानंतरच्या काळातली रोजनिशी, शस्त्रक्रियेची हकीगत, कृत्रिम स्तनाविषयीचा एक निबंध, आणि त्यापूर्वी १९७७ साली मौनाविषयी केलेले एक भाषण, एवढाच या ग्रंथाचा ऐवज आहे.

ग्रंथातील सर्वांत गाजलेला प्रसंग दवाखान्यात घडतो. शस्त्रक्रियेला दहा दिवस झाले आहेत. टाके काढण्यासाठी बाई शल्यवैद्यांकडे जातात. बऱ्याच दिवसांनी केस धुतले आहेत, चांगला पोशाख केला आहे, एकाच कानात लोंबते कर्णभूषण घातले आहे: छातीची एक बाजू सपाट झालीच आहे, तर त्या विषमतेलाही शोभा आणावी, असा काहीसा मिस्कील विचार त्यामागे आहे. परिचारिका प्रेमळ आहे. तिच्या ध्यानात येते की बाईंनी पोशाखाच्या आत काहीच भरलेले नाही. ती हळूच सुचवते की निदान येथे येताना तरी काही घालून यावे. नाही तर दवाखान्याच्या मनोधैर्यावर परिणाम होतो.

इंग्रजीत डॉक्टरच्या खोलीला आणि आपल्या कचेरीला शब्द एकच आहे. त्यामुळे मूळ वाक्य वाचताना सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्या वाचकाला ते विशेष ओळखीचे वाटेल. कचेरीचे मनोधैर्य! किती गोष्टी या एका सबबीखाली झाकल्या जातात, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या बाईचा स्तन गेला आहे तिचे मनोधैर्य बाजूलाच राहिले. खुर्च्यांवर बसलेल्या इतर रुग्ण स्त्रियांना सत्य दिसू नये, ही त्या कचेरीची चिंता आहे. वास्तविक त्याच खोलीत, तशीच शस्त्रक्रिया झालेल्या किंवा होऊ घातलेल्या स्त्रिया बसलेल्या असणार. एक सपाट छातीची, पण हसरी व नीटनेटकी बाई पाहून त्यांना धीर आला असता की तो खचला असता? लॉर्डबाईंचा प्रश्न असा सरळ आहे आणि त्याला उत्तर नाही. त्यांनी मोशे दायान यांचा दाखला दिला आहे. या इस्रायली सेनानीने रिकाम्या डोळ्यावर काळी पट्टी बांधून संसदेत उभे राहिले तर कोणी त्याला काचेचा डोळा बसवून ये म्हणत नाही. जग ती जखम योद्ध्याची जखम म्हणून पाहते. (बाईंनी दायान यांना पंतप्रधान केले आहे, ते संरक्षणमंत्री होते, परराष्ट्रमंत्री होते, पंतप्रधान कधीच नव्हते. पण दाखल्याची धार याने बोथट होत नाही.)

दुसरा प्रसंग रुग्णालयातला. स्तन गमावलेल्या स्त्रियांनीच चालविलेल्या एका संस्थेची स्वयंसेविका भेटीला येते. बरोबर झोपताना घालायची मऊ चोळी आणि मेंढीच्या लोकरीचा, स्तनाच्या आकाराचा, फिकट गुलाबी बोळा. बाई सुस्वभावी आहे, उत्साही आहे. आपल्या घट्ट स्वेटरकडे बोट दाखवून ती विचारते, यातला खरा कुठला आणि खोटा कुठला, ओळखता येते का? लॉर्डबाईंना दोन्ही सारखेच खोटे वाटतात. ती गेल्यावर त्या तो बोळा घालून आरशासमोर उभ्या राहतात. तो छातीवर वाकडातिकडा बसतो, निर्जीव वाटतो. आणि त्याचा गुलाबी रंग त्यांच्या सावळ्या कातडीचा नाही. तेथेच त्यांचा निर्णय होतो.

या दोन प्रसंगांतून जो निबंध उभा राहतो त्याचे सार असे: कृत्रिम स्तन ही स्त्रीच्या सोयीची वस्तू म्हणून पुढे केली जाते, पण ती पाहणाऱ्यांच्या सोयीची आहे. काही घडलेच नाही असा भास ती निर्माण करते. शोक करायला, मृत्यूच्या जवळून गेल्याचा अर्थ लावायला जो अवकाश हवा तो ती हिरावून घेते. शिवाय एका छातीच्या स्त्रिया एकमेकींना ओळखूच शकल्या नाहीत तर त्या एकत्र कशा येणार? दाहोमीच्या एकस्तनी वीरांगनांची दंतकथा बाईंना प्रिय आहे. एकस्तनी स्त्रियांची फौज अमेरिकेच्या काँग्रेसवर चालून जाते आणि गुरांच्या खाद्यातील घातक संप्रेरकांवर बंदी मागते, असे दृश्य त्या रंगवतात. सिलिकॉनच्या पिशव्या शरीरात बसविण्याच्या तेव्हाच्या नव्या उद्योगाकडे तर त्या उघड संतापाने पाहतात.

येथपर्यंत बाईंच्या तर्कात कोठे खोट काढावी असे वाटत नाही. खोट आहे ती प्रस्तावनेतील एका वाक्यात, आणि गंमत अशी की ते वाक्य औदार्याचे आहे. कृत्रिम स्तनाचा मार्ग पत्करणाऱ्या स्त्रीचा न्याय करण्याचा आपला हेतू नाही, तिचेही एक वेगळे धैर्य असते, असे बाई तेथे म्हणतात. पण त्या मार्गाचे वर्णन करताना त्या कृत्रिम स्तन, मौन आणि अदृश्यता हे तीन शब्द एका ओळीत, समानार्थी असल्यासारखे ठेवतात. जिने पोकळी भरली ती गप्प बसली, असे हे समीकरण आहे. त्यामुळे क्षमा केली तरी दोष शिल्लक राहतोच. एखाद्या वरिष्ठाने शेरा मारावा की ‘कर्मचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता’, तसे हे औदार्य आहे.

हे समीकरण खरे आहे काय? आपल्याकडे पाहू. मराठी स्त्रीने सिलिकॉनची पिशवी शरीरात घालून घेतली नाही, लोकरीचा बोळाही तिला कोणी आणून दिला नाही. फार तर चोळीत कापसाची लहानशी उशी शिवली. बहुतेकींनी तेवढेही केले नाही. पदर होता. पदराआड काय आहे नि काय नाही हे कोणाला दिसते, असा हिशेब होता. लॉर्डबाईंच्या सिद्धान्तानुसार आमच्या या स्त्रिया बोलक्या व्हायला हव्या होत्या, कारण त्यांनी कृत्रिम असे काही धारण केले नव्हते. पण त्या बोलल्या नाहीत. मौनाला सिलिकॉन लागत नाही. मौनाला पाच वारी कापडही पुरते.

किंबहुना, आमचे मौन भाषेतच मुरलेले आहे. पंडितकवींच्या काव्यात पयोधर, कुच, उरोज यांची रेलचेल आहे. शाहिरांच्या लावणीतही संकोच नाही. पण घरात बोलायला शब्द नाही. आई मुलाला ‘अंगावर’ पाजते. त्याला ‘अंगावरचे’ दूध मिळते. एका अवयवाचे नाव टाळण्यासाठी आपण सगळे अंग पणाला लावले! ‘छातीत गाठ’ म्हटले की ऐकणाऱ्याला हृदय की फुप्फुस की आणखी काही, कळत नाही, आणि कळू नये हाच हेतू असतो. ज्या अवयवाला घरात नाव नाही त्यातली गाठ सासूला कशी सांगायची, नवऱ्याला कशी सांगायची, नि परप्रांतीच्या डॉक्टरला त्याच्या भाषेत तर कशी सांगायची? भारतातील स्त्रियांत आज हाच कर्करोग सर्वांत अधिक आढळतो, आणि आपल्याकडे तो बहुधा उशिरा उघडकीला येतो. त्या उशिराला अंतर, दारिद्र्य, अज्ञान ही कारणे आहेतच. पण हे अनामिकत्वही त्यांच्यात धरले पाहिजे.

महाश्वेतादेवींची ‘स्तनदायिनी’ ही बंगाली कथा या संदर्भात आठवते. कलकत्त्याकडे नोकरी केलेल्या आपल्या वाचकांपैकी काहींनी ती मुळातून वाचली असेल. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९८७ साली त्यांच्या ग्रंथात आले. कथेतील जशोदा धनिकाच्या घरी मुलांना दूध पाजण्याच्या कामावर असते. त्या घराची पिढीच्या पिढी तिच्या दुधावर वाढते, आणि अखेरीस त्याच स्तनाचा कर्करोग तिला खातो. स्तन ठेवावा, काढावा की पुन्हा घडवावा, हा प्रश्न जशोदेपर्यंत पोचतच नाही. तिचे शव घ्यायलाही कोणी येत नाही. लॉर्ड आणि महाश्वेता यांची पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे ध्यानात येते की, कृत्रिम स्तन नाकारणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होण्यासाठी आधी तो कोणीतरी देऊ करावा लागतो.

समीकरण दुसऱ्या बाजूनेही मोडते, आणि त्याचा पुरावा लॉर्डबाईंच्याच कथेत आहे. ज्या संस्थेची ती गुलाबी बोळा आणणारी स्वयंसेविका होती, ती संस्था टेरीस लॅसर नावाच्या एका बाईंनी १९५२ साली आपल्या स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर सुरू केली. त्या काळी अमेरिकेतही हा रोग चारचौघांत उच्चारला जात नसे. लॅसरबाई रुग्णालयात जात, नुकत्याच शुद्धीवर आलेल्या स्त्रियांशी बोलत, हात कसा हलवावा, चोळी कशी बेतावी हे सांगत. डॉक्टरांना हे आवडत नसे; त्यांना वॉर्डातून बाहेरही काढण्यात आले. म्हणजे मौन प्रथम फोडले ते हातात बोळा घेऊन आलेल्या बाईने! पंचवीस वर्षांनी तीच रीत ठरीव झाली, तिच्यातला जीव गेला, आणि ती लॉर्डबाईंना कोंडणारी वाटली, हे अगदी खरे. कुठलीही बंडखोरी संस्था बनली की तिचे फॉर्म छापले जातात. पण बोळा आणि वाचा एका हातात राहू शकतात, हे सत्य त्या घटनेने शाबीत केले होते. निबंध लिहिण्याच्या भरात बाईंची नजर तेवढी तिकडे गेली नाही.

रोजनिशी मात्र निबंधाहून पुष्कळ अधिक जाणते. निबंधात ठाम असणारी लेखिका रोजनिशीत डळमळते, रडते, चिडते, मरणाला भिते. गेलेल्या स्तनासाठी ती जो आकांत करते तो देखावा गेल्याचा नाही, संवेदना गेल्याचा आहे. तेथे सुख होते, ते आता पुन्हा कधीच तेथे असणार नाही, हे तिला सोसवत नाही. स्त्रीच्या देहाविषयी एवढे सरळ लिहिणे त्या काळी धाडसाचे होते. पण धाडसापेक्षा त्यातली अचूकता मोलाची आहे. कारण पुनर्रचनेविषयी जी गोष्ट रुग्णाला आजही सर्वांत कमी सांगितली जाते, ती हीच. शल्यवैद्य आकार परत देऊ शकतो, स्पर्श बहुधा देऊ शकत नाही. नवा स्तन पाहणाऱ्याला स्तन असतो. जिच्या छातीवर तो असतो तिला तेथे पुष्कळदा बधिरपणा जाणवतो. मज्जातंतू जोडून पाहण्याचे प्रयत्न अलीकडे होत आहेत, त्यांना कमीअधिक यशही येते. पण रोजनिशीतल्या त्या चार ओळी कोणत्याही माहितीपत्रकाच्या आधी वाचायला द्याव्यात, इतक्या त्या नेमक्या आहेत.

लॉर्डबाईंच्या पुढे १९७८ साली पर्याय थोडे होते. चोळीत घालायचा बोळा, किंवा ह्यूस्टनच्या क्रोनिन व जेरो या शल्यवैद्यांनी १९६२ साली प्रथम वापरलेली सिलिकॉनची पिशवी, किंवा काहीच नाही. त्यामागे हॉल्स्टेड यांच्या परंपरेचे दडपण होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या अमेरिकन शल्यवैद्याने स्तनाबरोबर छातीचे स्नायूही कापून काढण्याची पद्धत रूढ केली. पुढची कित्येक दशके तीच प्रमाण मानली गेली. त्या परंपरेत पुनर्रचना म्हणजे रोगावर पांघरूण घालणे असे समजत. इटलीत तानसिनी यांनी पाठीवरचा स्नायू कातडीसकट वळवून छातीवर आणण्याची युक्ती १९०६ सालीच वर्णिली होती, पण ती पुढे विस्मरणात गेली आणि १९७० नंतर पुन्हा उजेडात आली.

ही युक्ती मराठी वाचकाला परकी वाटू नये. कावसजी नावाचा एक बैलगाडीवान १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक व एक हात कापला. पुढे पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी, एका टोकाशी देठ राखून, खाली वळवून त्याला नवे नाक दिले. ही हकीगत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सचित्र छापून आली, आणि युरोपातील शल्यवैद्यांचे डोळे उघडले. रक्तपुरवठ्याचा देठ न तोडता आपलेच मांस व कातडी एका जागेवरून दुसरीकडे नेणे, हे जे तत्त्व पुण्याच्या त्या नाकात आहे, तेच पाठीच्या स्नायूच्या शस्त्रक्रियेत आहे. अटलांटाच्या हार्ट्रम्फ यांनी १९८२ साली पोटाखालची चरबी व कातडी पोटाच्या स्नायूच्या देठावर छातीपर्यंत नेली, तेही याच तत्त्वावर. त्यानंतर देठ तोडून, केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याचे कौशल्य आले, आणि पोटाचा स्नायू वाचवून केवळ चरबी व कातडी उचलणे शक्य झाले. ही शस्त्रक्रिया कित्येक तास चालते. तिला कसलेले हात लागतात, आणि ते हात मोठ्या शहरांतूनच असतात.

पण कावसजीच्या नाकात आणि प्रस्तुत प्रश्नात एक फरक आहे. नाक उघड्यावर असते. ते गेले की अब्रू जाते, म्हणून तर शत्रू ते कापीत. नवे नाक हवे का, असे कावसजीला विचारण्याची गरजच नव्हती. स्तन वस्त्राआड असतो, म्हणून येथे प्रत्येक वेळी विचारावे लागते, आणि प्रत्येक स्त्रीचे उत्तर वेगळे असू शकते. पन्नाशीच्या एका शिक्षिकेला वर्गात पोरांच्या नजरा नकोत म्हणून बाहेरून घालायचा कृत्रिम स्तन पुरेल. दुसरीला आंघोळीच्या वेळी खाली मान घातल्यावर खड्डा दिसू नये, एवढेच हवे असेल, आणि ते कोणा पुरुषासाठी नव्हे. तिसरीला एक शस्त्रक्रिया सोसली तेवढी पुरे झाली असेल. यांतली कोणती अधिक धीट, हे ठरविण्याचे माप कोणापाशी आहे? लॉर्डबाईंच्या निबंधात ते असल्याचा भास होतो. त्यांच्या रोजनिशीत तो होत नाही.

सिलिकॉनविषयीचा त्यांचा संशय काळाने निम्मा खरा केला. १९९२ साली अमेरिकी शासनाने या पिशव्यांवर कडक निर्बंध घातले; कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी देखरेखीखाली वापरास तेवढी मुभा ठेवली. पुष्कळ तपासणीनंतर २००६ साली निर्बंध उठले. पुढे खडबडीत पृष्ठभागाच्या पिशव्यांचा संबंध रक्तपेशींच्या एका दुर्मिळ कर्करोगाशी असल्याचे आढळले, आणि २०१९ साली त्यांतील एक प्रकार जगभरातून परत मागविण्यात आला. पिशवी जन्मभर टिकत नाही, पुढेमागे बदलावी लागू शकते. छातीला किरणोपचार व्हायचे असतील तर तिच्याभोवती कठीण आवरण धरण्याची भीती वाढते. हे सर्व आधी सांगायला हवे. उलट, पुनर्रचनेमुळे मूळ रोग उलटण्याची शक्यता वाढते, अशी जी जुनी धास्ती होती, तिला पुढील अनुभवाने आधार दिलेला नाही. आणि मुळात प्रत्येकीचा संपूर्ण स्तन काढण्याची गरज नसते, हे १९८५ साली बर्नार्ड फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले: योग्य रुग्णांत केवळ गाठ काढून किरणोपचार केले तरी आयुर्मर्यादा तेवढीच राहते. लॉर्डबाईंच्या शस्त्रक्रियेनंतर हे सात वर्षांनी आले.

मग ग्रंथाचे आज काय उरते? माझ्या मते, नकाराचा आदर्श उरत नाही. वेळेची मागणी उरते. बोळा घालून आरशापुढे उभे राहायला त्यांना मिळालेली ती थोडी मिनिटे, हा ग्रंथाचा खरा गाभा आहे. घालून पाहिले, आणि नको म्हटले. परिचारिकेचा अपराध तिने बोळा सुचविला हा नव्हे. दहा दिवसांत प्रश्न निकालात निघालेला असावा असे तिने धरून चालले, हा आहे. आपल्याकडे तर त्याहून घाई असते. निदान झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतच्या काही दिवसांत, बदलीच्या गावी, नात्यागोत्यापासून दूर, आपल्या नसलेल्या भाषेत छापलेल्या संमतिपत्रावर सही करायची असते. आणि पुष्कळदा ती सही पुढे सरसावून नवराच वाचतो. परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत येऊ शकणाऱ्यांची गोष्ट निराळी. पण तेथेही देशभरातून माणूस लोटते. पुनर्रचना त्याच वेळी करता येते, तशीच महिन्यांनी, वर्षांनीही करता येते, एवढे एक वाक्य कोणी वेळेवर सांगितले तरी त्या घाईचे निम्मे ओझे उतरेल.

वेळेचा हा प्रश्न अ‍ॅन बॉयर यांनी पुढे नेला आहे. त्यांच्या ‘द अनडाइंग’ या २०१९ च्या ग्रंथाला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. बॉयरबाईंचे दोन्ही स्तन काढल्यावर त्यांना त्याच दिवशी घरी पाठविण्यात आले. रजा शिल्लक नव्हती. दहा दिवसांनी, छातीला शिवलेल्या निचऱ्याच्या पिशव्यांसकट, त्या वर्गात उभ्या राहून व्हिटमनवर तीन तास व्याख्यान देत होत्या. पुस्तके मैत्रिणींनी उचलून आणली होती. लॉर्डबाईंचा दहावा दिवस आणि बॉयरबाईंचा दहावा दिवस यांची तुलना करण्याजोगी आहे. पहिलीला शोकाला जागा हवी होती. दुसरीला जागा सोडाच, खुर्चीही मिळाली नाही. बॉयर यांची शैली अधिक तुटक, अधिक विद्वज्जड आहे, मधूनमधून ती थकवते. पण पर्यायांची यादी कितीही लांबली तरी अर्जित रजा संपलेल्या बाईला ती वाचायला सवड नसते, हे त्यांच्याइतके रोखठोक कोणी लिहिलेले नाही. रजेच्या नियमांवर पोसलेल्या आपल्या वर्गाने तो भाग अवश्य वाचावा.

सुसान सॉन्टॅग यांचा ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ हा १९७८ चा प्रबंध या मालिकेत नेहमी गणला जातो. तो बुद्धिमान आहे. पण स्वतःच्या स्तनाच्या कर्करोगाचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नाही, आणि रूपके टाळा असे बजावणाऱ्या त्या प्रबंधात देह कोठे दिसत नाही. त्याहून फॅनी बर्नी यांचे पत्र मला जवळचे वाटते. १८११ च्या ३० सप्टेंबरला पॅरिसमध्ये, भूल नसताना, नेपोलियनचे शल्यवैद्य लारे यांनी त्यांचा स्तन काढला. आपल्या बहिणीला ती हकीगत लिहून पुरी करायला त्यांना कित्येक महिने लागले, आणि लिहिलेले पुन्हा वाचवले नाही. त्यानंतर बर्नीबाई जवळजवळ तीस वर्षे जगल्या.

लॉर्डबाईंना तेवढे आयुष्य लाभले नाही. रोग यकृतात उतरला. त्या काळाची टिपणे ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ या १९८८ च्या पुस्तकात आहेत. १९९२ च्या नोव्हेंबरात सेंट क्रॉय बेटावर त्या वारल्या. अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०२० साली आपल्या शब्दकोशात एका नव्या संज्ञेची भर घातली: स्तन काढल्यावर पुन्हा आकार न देता छाती नीटस, सपाट शिवून घेणे. म्हणजे ‘काहीच नको’ म्हणणाऱ्या स्त्रीलाही काही हक्काचे मागता येते, वेडेवाकडे लोंबणारे कातडे तिने सोसलेच पाहिजे असे नाही. एका परिचारिकेने हळू आवाजात नाकारलेली गोष्ट शल्यशास्त्राच्या कोशात यायला बेचाळीस वर्षे लागली. त्याच वर्षी ‘द कॅन्सर जर्नल्स’ची नवी आवृत्ती पेंग्विनने काढली. ती मागवणाऱ्याने शेवटचा निबंध आधी वाचू नये. रोजनिशीची तिरप्या ठशातली पाने प्रथम वाचावीत, मग शस्त्रक्रियेची हकीगत, आणि निबंध त्यानंतर, हातात पेन्सिल घेऊन.